चर्च आणि शाळेचा जुना-नवा ऐवज एका जागी आणायचाय : कोणी काय द्यायचं?

सदरची_घंटा
सलाम मंडळी, आणि इतर सगळ्यांना नमस्कार.
आमचं चर्च जुनं आहे आणि त्याच आवारात शाळा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, नागपूरचे लोक ओळखतीलच. कमिटीने ठरवलंय की चर्च आणि शाळा दोघांचं मिळून जे काही आहे ते एका जागी गोळा करायचं, म्हणजे जुने फोटो, स्मरणिका, कोण कधी पाळक होते, कोण हेडमास्तर होते, कब्रस्तानातल्या पाट्या, आणि सोबत आत्ताच्या बातम्या, उपासनेच्या वेळा, शाळेच्या सूचना, सगळ्यांना ऑनलाइन पाहता येईल असं. काम माझ्या गळ्यात, कारण काय तर "तू कम्प्युटरमधला आहेस ना". मी कम्प्युटर विकतो हो, दुकान आहे माझं.
उपासनेनंतर जाहीर केलं, "ज्यांच्याकडे काही जुनं असेल त्यांनी द्यावं." सगळ्यांनी माना हलवल्या. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं काय, तर गुलाबाची फुलं, वचनं लिहिलेली चित्रं आणि एका काकांचा ताडोब्याचा वाघ. वाघ चांगला होता.
प्रश्न असा की लोकांकडून नेमकं मागायचं काय आणि कसं? ज्यांना मोबाइलसुद्धा नीट येत नाही अशा वयस्कर लोकांनी काय करायचं? आणि शाळेतले अर्ध्याहून जास्त माजी विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, त्यांना यात कसं घ्यायचं?

बुल्डीकर
पहिले हे सांगा, द्यायला आलेल्याला नाश्ता आहे का? तर्री पोहे ठेवा, अर्धं नागपूर अल्बम घेऊन येते.

सदरची_घंटा
@बुल्डीकर, तर्रीचा हात अल्बमला लागला तर कोण निस्तरेल भाऊ.

रजिस्टरवाली
मी एका शाळेत ऑफिसला होते, आता रिटायर्ड. असला उद्योग आम्हीही केला होता त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.
"जुनं काही असेल तर द्या" असं म्हटलं की कोणीच देत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे आहे ते काही विशेष नाही. एकच गोष्ट मागा, नेमकी. उदाहरण देते. २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते आपल्या नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ त्या दिवशी एक झाले. जे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेलेत पण आहेत आपल्यात. तर पुढच्या रविवारी फक्त एवढंच विचारा : "त्या दिवशी तिथे कोण कोण होतं? हात वर करा." बस. कागद नको फोटो नको. हात वर झाले की त्यांची नावं लिहून घ्या आणि आठवड्यात घरी जा. गेल्याशिवाय काही मिळत नाही, आणि गेलं की पेटीच्या तळातून अशा वस्तू निघतात की घरच्या सुनेलासुद्धा माहीत नसतात.
दुसरं, फोटो कमी नसतात, नावं कमी असतात. आमच्या शाळेत स्टाफचे ग्रुप फोटो भिंतीवर ओळीने लावलेले, आणि एका काळानंतर कोण कोण आहे हे सांगणारं एकही माणूस उरलं नव्हतं. मधल्या खुर्चीवरचे हेडमास्तर तेवढे ओळखू यायचे. मागे उभा असलेला शिपाई, ज्याने उभी हयात शाळेची घंटा वाजवली, त्याचं नाव कोणालाच नाही. म्हणून ज्यांना काही "देता येत नाही" असं वाटतं त्या आजी-आजोबांनीच सगळ्यात मोठी गोष्ट द्यायची आहे. त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि बोट ठेवून विचारा, हे कोण, हे कोण.

ऑर्गनवाला
रजिस्टरवाली ताईंना +१. माझी आत्या त्या सत्तरच्या दिवशी तिथे होती. तिला कोणी काय भाषण केलं यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, पण आपल्या शेजारी कोण बसलं होतं, तिने कोणती साडी नेसली होती, ती साडी कोणाच्या लग्नात घेतलेली, आणि त्या लग्नात कोण रुसलं होतं हे सगळं सांगते. मी एकदा फोनवर रेकॉर्ड करायला लागलो तर म्हणे ते बंद कर, त्या रुसलेलीची मुलगी अजून चर्चला येते 😄

पोट्टा_नंबर_वन
तांत्रिक बाजू मी सांगून राहिलो, ऐका.
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करून टाकते, मग चेहरे दिसत नाहीत. पाठवायचाच असेल तर अटॅच करताना "डॉक्युमेंट" निवडून पाठवायचा, जसाच्या तसा जाते. स्कॅनर असेल तर साध्या फोटोला ३०० डीपीआय पुरते, पण पासपोर्ट साइज किंवा जुने छोटे ब्लॅक अँड व्हाइट असतील तर ६०० वर करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, सरळ ऊन न येणाऱ्या जागी फोटो सपाट ठेवून वरून मोबाइलने काढा, फ्लॅश बंद. ते चिकट पानांचे अल्बम असतात ना, प्लास्टिक उचलून आत फोटो दाबायचे, त्यातून फोटो ओढून काढू नका, फाटते. पानासकट स्कॅन करा.
आणि मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नाही बाप्पा, पुढून उमटते.

बुल्डीकर
@पोट्टा, तू ज्या फोटोंवर मागे बॉलपेनने "आय लव्ह यू" लिहिलं होतं ते पण उमटले का बे?

पोट्टा_नंबर_वन
उमटले. लग्न झालं तिच्याशी. पुढे चला.

अनघा_धरमपेठ
मी अशाच एका शाळेत शिकले, आणि मी ख्रिस्ती नाही. आमच्या वर्गात निम्मे हिंदू, बरेच बौद्ध, काही मुस्लिम, एक-दोन सिंधी. "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही प्रार्थना सगळ्यांना पाठ, अजूनही कुठे ऐकू आली तर ओठ आपोआप हलतात. नाताळच्या नाटकात मी मेंढपाळ होते, डोक्याला टॉवेल आणि हातात बाबांची काठी. मरीया व्हायचं होतं पण ती दरवर्षी संगीताच्या बाईंची भाची व्हायची, असो.
सांगायचं हे की माझ्याकडे शाळेच्या स्मरणिका आहेत, हस्तलिखित अंकाची पानं आहेत, पण चर्चच्या कार्यालयात जाऊन हे द्यावं असं कधी सुचलंच नाही. ते "त्यांचं" आहे असं वाटतं. कोणी बोलावलं तर कोणीही येईल हो. पण बोलावणं शाळेच्या नावाने येऊ द्या, बॅचप्रमाणे. "दहावी, अमुक साल" म्हटलं की आमचे ग्रुप पेटतात, आमच्याकडे तर रोजच भांडण चालू असतं की भूगोलाच्या सरांकडे स्कूटर होती की लुना.

जुना_सेशनवाला
मला जरा वेगळं मांडायचं आहे. चर्च आणि शाळा एका जागी नको. शाळेचं शाळेकडे राहू द्या. चर्चची रजिस्टरं म्हणजे स्मरणिका नव्हेत. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात माणसाचं आधीचं नाव, बापाचं नाव, जात, गाव हे सगळं असतं. १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली, कित्येकांच्या नोंदीत आईबापांची नावंच नाहीत. त्यांची पतवंडं आज आपल्यात बसतात. एखाद्याने ते घरात सांगितलं असेल, एखाद्याने नसेल. उद्या कोणी हौशी पोरगा रजिस्टरचं पान मोबाइलवर काढून सगळ्यांना वाटेल, मग? इतिहास इतिहास करताना कोणाच्या घरात आग लावू नका.

सदरची_घंटा
सर, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मग रजिस्टरांना हातच लावायचा नाही का?

रजिस्टरवाली
हात लावायचा, पण वाटायचं नाही. पाळकांच्या परवानगीने पानांचे फोटो काढून ठेवावेत कारण कसर आणि पावसाळा कोणाची वाट पाहत नाहीत. ते फोटो कुलपात. ज्याला आपल्या कुटुंबाची नोंद हवी त्याला त्याची नोंद कार्यालयातून मिळेल, जशी आज दाखल्यासाठी मिळते तशीच. उघड्यावर ठेवायचं ते फक्त सगळ्यांचं आहे ते : पाळकांची यादी, इमारतीची दुरुस्ती कधी झाली, घंटा कुठून आली, हे.
पण सेशनवाले सर, शाळा वेगळी करायची हे नाही पटलं. आमच्या वेळी तोच पाळक सकाळी शाळेत बायबलचा तास घ्यायचा, तोच संध्याकाळी वसतिगृहाचा हिशोब बघायचा. वेगळं करणार कसं?

जुना_सेशनवाला
हिशोब बघायचा म्हणूनच तर वेगळं करा म्हणतो. जास्त लिहीत नाही.

बुल्डीकर
लिहा ना सर, इथेच तर मजा आहे 🍿

कामठी_लाइन
रजिस्टरांचा विषय निघालाच आहे म्हणून. जुन्या काळी गोऱ्या पाद्र्यांना बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती वर पाठवाव्या लागायच्या आणि त्या शेवटी लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आमच्या कामठीची छावणी १८२१ ची, आणि तिथे सुरुवातीची कित्येक दशकं मद्रासची फौज होती, त्यामुळे कामठीचा सोजीर शोधायचा तर मद्रासच्या नोंदींत शोधावा लागतो. लोक मुंबईच्या नाहीतर बंगालच्या यादीत शोधत बसतात आणि म्हणतात सापडत नाही. मात्र हे गोऱ्यांचं झालं. आपल्या देशी मंडळीची नोंद बहुतेक इथल्या एकाच रजिस्टरात, ते गेलं की गेलं.
कब्रस्तानाचं काम मी करतो आवडीने, म्हणून दोन गोष्टी. एक, हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा, मे मध्ये ४५ डिग्रीत दगडावर हात ठेवून पाहा म्हणजे कळेल, आणि पावसाळ्यात गवतात साप. दुसरं, अक्षर पुसट झालं की लोक खडूने घासतात, चुना फासतात, कोणी तर तारेच्या ब्रशने खरवडते, दगड कायमचा खराब होतो. काही लावायचं नाही. सकाळी सात-आठला किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडते तेव्हा जा, खोदलेल्या अक्षरात सावली भरते आणि आपोआप वाचता येते. दगड सावलीत असेल तर घरचा आरसा न्या, बाजूने उजेड टाका. एकाने आरसा धरायचा, एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. यूथवाल्या पोरांना हे काम फार आवडते, भूत वगैरे बोलत बोलत करतात.

गिट्टीखदान_एक्सप्रेस
कब्रस्तानावरून आठवलं, मिशनरी हिस्लॉप साहेबांचं कोणी लिहिणार आहे का? कॉलेजच्या नावापलीकडे पोट्ट्यांना काही माहीत नाही. १८४५ ला नागपूरला आला तो माणूस, शाळा काढली, आणि सोबत दगड, जीवाश्म गोळा करत फिरायचा. नागपूरच्या भूगर्भावर त्याने लिहिलेलं आहे, एका खनिजाला त्याचं नाव आहे. १८६३ च्या सप्टेंबरात बुटीबोरीजवळच्या टाकळघाटकडची दगडांची जुनी वर्तुळं पाहून परत येत होता, रात्री घोड्यावरून नाला ओलांडताना पुरात वाहून गेला. कॉलेज निघालं १८८३ ला, म्हणजे तो गेल्यावर वीस वर्षांनी.

बुल्डीकर
म्हणजे तेव्हापासून बुटीबोरीकडचा रस्ता पावसाळ्यात असाच आहे.

मोहननगरची_सून
सगळे इतिहासात घुसून राहिले. मी साधी गोष्ट विचारते. मागच्या गुड फ्रायडेला सासूबाईंना घेऊन मी बाराला पोचले, मराठी उपासना आधीच सुरू झालेली, कारण वेळ बदलली होती आणि ते सांगितलं कोणाला तर जे आदल्या रविवारी आले होते त्यांना. शाळेचं तसंच, फॉर्म कधी सुटतात हे गेटवरच्या कागदावर, आणि कागद बकरीने खाल्लेला. मला १८६३ चा माणूस नाही पाहिजे हो, येत्या रविवारी उपासना कितीला आहे, कापणीच्या सणाच्या लिलावाला काय आणायचं, कोण दवाखान्यात आहे ज्याला डबा पोचवायचा, मयतीच्या वेळी कब्रस्तानाच्या चावीसाठी कोणाला फोन करायचा, हे पाहिजे. आणि हे एका माणसाने नाही होणार. एका गोष्टीला एक माणूस नेमा. वेळा म्हणजे अमुक, शाळेचं म्हणजे तमुक. तो नाही तर त्याची बायको. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

रजिस्टरवाली
टाळ्या. आणि जुनी झालेली सूचना त्याच दिवशी काढायची. मागच्या वर्षीची वेळ दिसत राहिली तर काहीच नसलेलं बरं.

ऑर्गनवाला
दवाखान्यात कोण आहे हे मात्र सगळ्यांना दिसेल असं लिहू नका प्लीज. आमच्याकडे एकाचं नाव असं लिहिलं आणि ऑफिसवाल्यांना कळलं, त्याने तिकडे गावाला गेलो म्हणून सांगितलं होतं.

ओहायोचा_पाहुणा
मी इकडे अमेरिकेत आहे, शाळा नागपूरची. मला फोटो वगैरे नाही जमणार, सरळ पैसे पाठवू का? स्कॅनर घ्या, एखाद्या मुलाला पगार द्या.

जुना_सेशनवाला
थांबा. तुमचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तुमच्या कमाईतून बँकेच्या रीतसर मार्गाने दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल तर तुम्ही कायद्याने परदेशी, मग ती रक्कम एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तीही फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. कोणाच्या घरच्या खात्यावर, गुगल पे वर चुकूनही पाठवू नका. पाठवणारा तिकडे निवांत, नोटीस इकडे येते.

ओहायोचा_पाहुणा
पासपोर्ट अमेरिकन झालाय 😔 मग मी काय करू?

अनघा_धरमपेठ
टाइप करा ना! तिकडे थंडीत घरातच बसता. आमच्या हस्तलिखित अंकाची पानं मी स्कॅन करून पाठवते, तुम्ही मराठीत उतरवून द्या.

पोट्टा_नंबर_वन
छापील असेल तर हाताने टाइप करायची गरज नाही, स्कॅन गुगल ड्राइव्हवर टाका आणि डॉक्समध्ये उघडा, देवनागरी बऱ्यापैकी वाचते, मग चुका दुरुस्त करा. हस्तलिखित मात्र हातानेच. आणि आजी-आजोबांना टाइप येत नाही तर मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असते, भाषा मराठी करा आणि बोलू द्या. "प्रभुभोजन" चं "प्रभू भोजन" करते, जोडाक्षर खाते, पण चालते. फक्त आजींना सांगा हळू बोला, आमची आजी त्या मोबाइललाच रागवते की मधेच काहून थांबला.
अजून एक, नव्वदच्या दशकापासूनच्या स्मरणिका ज्याच्याकडे कम्प्युटरवर आहेत त्या उघडल्या की किडेमकोडे दिसतात. फाइल खराब नाही झालेली, जुने डीटीपीचे फॉन्ट आहेत, ते युनिकोडमध्ये बदलून घेता येते. डिलीट करू नका.

ओहायोचा_पाहुणा
हे जमेल. पाठवा अनघाताई. माझं शुद्धलेखन तेव्हाही बाईंनी लाल केलेलं होतं हे आधीच सांगतो.

मोहननगरची_सून
मुलांच्या फोटोंचं काय? गॅदरिंगचे फोटो सगळे टाकतात, माझ्या मुलीचा परीच्या ड्रेसमधला फोटो कोणाच्या तरी स्टेटसला होता, मला आवडलं नाही.

रजिस्टरवाली
बरोबर आहे तुमचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं मूल म्हणजे आईवडिलांची संमती. शाळेने प्रवेशाच्या वेळीच वेगळा कागद घ्यावा, हो की नाही अशी खूण, आणि नाही म्हटलं तर निमूट ऐकावं. फोटो टाकला तरी नाव, वर्ग, तुकडी सोबत लिहू नये. जुन्या फोटोत नावं पाहिजेत, आत्ताच्या मुलांच्या फोटोत नकोत.

गिट्टीखदान_एक्सप्रेस
क्वायरची जुनी कॅसेट आहे माझ्याकडे, रेव्हरंड टिळकांची गाणी. टाकली तर चालते का, का कॉपीराइट?

ऑर्गनवाला
ना. वा. टिळक १९१९ ला गेले, त्यांचे शब्द आता सगळ्यांचे. चाल नंतर कोणी बांधली असेल तर त्याचं बघावं लागेल. पण गाणारे आपलेच लोक ना? जे आहेत त्यांना विचार, जे नाहीत त्यांच्या घरच्यांना विचार, आनंदच होईल. आणि ती कॅसेट आता टेपमध्ये घालून वाजवून बघू नकोस, बुरशी असेल तर फीत तुटते. माझ्याकडे घेऊन ये. पेटीवर कोण आहे त्यात? मधे मधे काळी तीनवरून घसरत असेल तर ते माझे वडील.

सदरची_घंटा
बाप रे, दुकानात गिऱ्हाईक होतं तेवढ्यात इतकं झालं. रजिस्टरवाली ताई, तुमचं ऐकून आजच एक करून पाहिलं, "काही असेल तर द्या" सोडून दिलं आणि ग्रुपवर एकच फोटो टाकला, कापणीच्या सणाच्या लिलावाचा, मागे तारीख नाही, एक माणूस डोक्यावर भलं मोठं कोहळं घेऊन उभा आहे आणि बाजूला एक बाई तोंडाला पदर लावून हसते. विचारलं, हे कोण? तासाभरात जिथे गुलाबं यायची तिथे सत्तावीस मेसेज. कोहळंवाल्याची तीन नावं आली आहेत आणि तिघांचेही नातेवाईक हटून राहिले. बाई कोण ते कोणालाच माहीत नाही.

ऑर्गनवाला
इथे टाक तो फोटो.

सदरची_घंटा
इथे नाही टाकत, सेशनवाले सर रागावतील. तुला पाठवला बघ. डॉक्युमेंट म्हणून 😀

ऑर्गनवाला
आत्याला दाखवला. बाई शाळेतल्या शिवणाच्या बाई, नाव तुला वेगळं कळवतो. आणि ती म्हणते हसत नाहीये, दाढ दुखत होती.

जुना_सेशनवाला
कोहळं मी घेतलं होतं त्या लिलावात. भाव काय झाला होता ते विचारू नका. रजिस्टरांचं पाळकांशी मी बोलतो, पण कपाटाची चावी माझ्याकडेच राहील.

पोट्टा_नंबर_वन
घंटा भाऊ, शनिवारी मी स्कॅनर घेऊन येतो शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीन. लांब एक्स्टेंशन बोर्ड लागेल, स्टेजच्या बाजूचा एकच पॉइंट चालू आहे तिथला.

बुल्डीकर
पोहे मी आणतो. तर्री बाहेरच ठेवतो, व्हरांड्यात.